कैलासवासी देवचंदचे इस्पानी शिक्षण

॥ श्री ॥

गोंदिया, स्टेशनामागची धर्मशाळा,
पौष वद्य पंचमी, शके १८५५

तीर्थस्वरूप गं. भा. मनकर्णाबाई यांच्या पायांवर धाकटा भाऊ देवचंद, वय त्रेपन्न, इयत्ता पहिली, याचे डोके.

इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. बाई, तुझा गुडघा कसा आहे? मोहाचे तेल चोळतेस, की केशोरावच्या नादाने बाटलीतली विलायती दवा लावून राहिलीस? मी विलायतेत राहून आलो. तिथल्या म्हाताऱ्याही गुडघा धरूनच जिना चढतात, तेव्हा मोहाचे तेलच बरे. धानाचे चुरणे-मळणे आटोपले असेल. तलावाच्या पाळीला उगवतीकडे जे भगदाड पडत होते ते पावसाआधी बुजवले की नाही, ते कळव. उसाला पाणी पुरले का तेही कळव. म्हैस आटली असेल तर ते मात्र कळवू नकोस, कारण मला सध्या वाईट बातम्या पचत नाहीत.

(केशोराव, तू मास्तर आहेस, हे पत्र तूच आईला वाचून दाखवणार. कंसात लिहिलेले तुझ्यासाठी आहे. ते मनात वाच आणि चेहरा सरळ ठेव. तुझ्या आईला अक्षरओळख नसली तरी चेहरे चांगले वाचता येतात.)

आता तू विचारशील, गोंदियापर्यंत आलास तर घरी काऊन नाही आला? त्याचे असे झाले की अर्जुनीकडची छोटी गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकली. त्यानंतर पाय सुजले. बोटीत बसून बसून पाय सुजतात असे बोटीवरचा डॉक्टर म्हणाला होता, ते इथे धर्मशाळेत येऊन खरे झाले. धर्मशाळेचा भैय्यालाल रोज सकाळी झाडू घेऊन येतो आणि विचारतो, "बाबूजी, और कितने दिन?" काल मी त्याला घाईघाईत इस्पानीत उत्तर दिले. तो झाडू टाकून मॅनेजरला बोलवायला गेला. तेव्हापासून माझ्या खोलीवरून जाणारे लोक आत डोकावतात आणि मी त्यांच्याकडे पाहून शहाण्यासारखा हसतो, त्याने त्यांची खात्रीच पटते.

तुला सगळे ठाऊक आहे. पण मी गेल्यावर गावात लोक काहीबाही बोलले असतील, आणि केशोरावने हे पत्र चार माणसांत वाचले तरी माझी हरकत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो. आपला भोजराज नागपुरात मॅट्रिक झाला, मुंबईला सिंधी शेठच्या रेशमाच्या पेढीवर लागला आणि पेढीने त्याला तेनेरीफ नावाच्या बेटावर धाडला. बेट आफ्रिकेच्या अंगाला, पण राज्य इस्पानचे, म्हणजे स्पेनचे. आगबोटी कोळसा घ्यायला थांबतात, आणि पेढीची पोरे लहान होडीतून बोटीजवळ जाऊन गोऱ्या बायकांना रेशमी शाली विकतात. गेल्याच्या आधीच्या पावसाळ्यात ती होडी उलटली. आपला तलाव हा पोरगा इकडून तिकडे पोहून जायचा आणि तू काठावरून शिव्या द्यायचीस. पण तलावाचे पाणी माणसाला ओळखते, समुद्राचे ओळखत नाही. पेढीचे पत्र आले त्यात हे होते, आणि खाली असेही होते की मागे बायको आणि एक मुलगी आहे. आपल्याला लग्नाचाच पत्ता नव्हता. एकाच पत्रात मुलगा गेला, सून आली आणि नात झाली. सुतक धरावे की पेढे वाटावे, हे गावच्या जोशीबुवालाही सांगता आले नाही.

गेल्या होळीनंतर मी निघालो तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, "पोरगा तं गेला. आता तू कायले जाऊन राहिला?" मी म्हणालो, "पोरीले आनाले." मला वाटले होते, जावे, नातीला काखेत मारावे आणि धान रोवायच्या वेळेला परत यावे. म्हणून मी जाताना छत्रीसुद्धा नेली नाही. (केशोराव, समुद्रात मला जे झाले ते लिहीत नाही. इतकेच सांगतो की एडनपर्यंत माझ्या पोटात माझे असे काही उरले नव्हते.)

पेढीचा तिथला मॅनेजर ईश्वरदास मला बंदरावर घ्यायला आला. माणूस भला, पण भित्रा. त्याने मला तसेच सूनबाईच्या घरी नेले. घर डोंगराच्या चढावर, खाली समुद्र. सूनबाईचे नाव कांदेलारिया. (गावात हिची कांदाबाई होईल हे मला त्याच क्षणी दिसले.) काळे कपडे घातलेली, केळी भरायच्या कारखान्यात काम करून हात खरखरीत झालेली, आपल्या पोरींसारखीच उन्हाने रापलेली. मागे तिची आई, म्हणजे आपली विहीणबाई, आणि आईच्या झग्याआड सहा वर्षांची निएवेस. या नावाचा अर्थ बर्फ. गोंदिया स्टेशनवर साहेबांच्या सोड्यासाठी भुशात घालून येतो तेवढाच बर्फ आपल्याला माहीत, आणि इथे तर तो माझ्या घरात जन्मला होता. पोरीचे कपाळ भोजराजचे, म्हणजे आपल्या बाबांचे. मी पाहिले आणि खाली बसलो.

मग सूनबाई बोलू लागली. पुष्कळ बोलली. मधेच रडली, मधेच भिंतीवरच्या भोजराजच्या फोटोला हात लावला, पोरीला पुढे केले, पुन्हा मागे ओढले, छातीवर हात आपटला, खिडकीतून समुद्र दाखवला. विहीणबाईने पदर नसल्यामुळे झग्याने डोळे पुसले. मी ईश्वरदासकडे पाहिले. त्याने घाम टिपला आणि मला सांगितले, "कहती हैं, सफर में तकलीफ तो नहीं हुई?"

बाई, त्या वेळी मी ठरवले की ही भाषा आपण स्वतः शिकायची. ईश्वरदासच्या चाळणीतून जे येत होते त्यात सगळा कोंडाच होता. मी म्हणालो, माझी नात मला द्या असे सांग. तो त्यांच्याशी बोलला, त्या बायांनी मला कॉफी दिली. मी म्हणालो, माझा मुलगा शेवटी काय बोलला ते विचार. तो बोलला, त्यांनी कॉफीत साखर घातली.

त्याच गल्लीत एका म्हाताऱ्या पेन्शनर मास्तरांची शाळा होती, घराच्याच खोलीत. निएवेस तिथेच जायची, म्हणून मीही तिथेच नाव घातले. मास्तरांचे नाव दोन अन्सेल्मो. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या अन्सेल्मोची वाट पाहत बसलो. 'दोन' म्हणजे आपल्याकडचे राव किंवा पंत, हे पुष्कळ उशिरा कळले. वर्गात सगळी सहा-सात वर्षांची पोरे. बाके त्यांच्या मापाची. माझे गुडघे कानांच्या वर जायचे, म्हणून मास्तरांनी केळीचे रिकामे खोके उलटे करून मला मागे बसवले. मी धोतर, कोट आणि फेटा अशा पोशाखात पाटी घेऊन बसलो की खिडकीशी बायका गोळा होत. चुकले की पोरांच्या हातावर पट्टी बसायची. मीही हात पुढे केला. पण मास्तरांना माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहून पट्टी उचलवेना, तेव्हा ते मला भिंतीवरच्या नकाशाखाली उभे करत. तो नकाशा मला पाठ झाला. त्यात आपले गाव नाही, गोंदिया नाही, हिंदुस्थानही नाही.

आणि भाषा कसली, ती नातेवाइकांची वैरीण आहे. त्यांच्यात मामा म्हणजे आई. (केशोराव, तू मला जन्मभर काय म्हणत आलास याचा विचार कर.) बाबा म्हणजे तोंडातून गळते ती लाळ. अहो म्हणजे लसूण, म्हणजे आपल्याकडची लग्न झालेली प्रत्येक बाई दिवसभर नवऱ्याला लसूण म्हणून हाका मारते. मास्तरांनी विचारले, तुम्हाला गावात काय म्हणतात? मी उभा राहून मोठ्या अभिमानाने सांगितले, लहानथोर सगळे मला काका म्हणतात. बाई, वर्ग बाकांवरून खाली पडला. मास्तर तोंड फिरवून खिडकीपाशी गेले आणि त्यांचे खांदे हलत राहिले. काका म्हणजे लहान पोरे चड्डीत करतात ती. एकटी निएवेस हसली नाही. ती वळून माझ्याकडे पाहत होती, आणि मधल्या सुट्टीत तिने मला हात धरून कोपऱ्यात नेले आणि अगदी सावकाश, बहिऱ्याशी बोलावे तसे, सांगितले की असे पुन्हा कोणापाशी बोलू नये. तेव्हापासून ती माझी शिकवणी घेऊ लागली. मी शब्द म्हणायचा, तिने नाक मुरडायचे, मी पुन्हा म्हणायचा.

शाळा सुटली की मी तिच्यासंगे चढ चढून घरी जायचो. दारात पोचेपर्यंत छाती भरून यायची, तेव्हा मी विहीणबाईला सांगायचो, मी थकलो. थकलेला म्हणजे कान्सादो. मी म्हणायचो कासादो. म्हणजे लग्न झालेला. कित्येक दिवस हा रंडका बाप्या रोज दुपारी धापा टाकत दारात यायचा आणि माझे लग्न झाले, माझे लग्न झाले असे जाहीर करायचा. विहीणबाई दरवेळी मान डोलावून पाणी द्यायची. शेजारणी माझ्याकडे जरा सांभाळून पाहू लागल्या.

पण हे सगळे काहीच नाही. एक शब्द मला पहिल्यापासून कानावर येत होता, तो दिफुंतो. मी छातीवर हात ठेवून सांगायचो, मी भोजराजचा बाप. की विहीणबाई हात जोडायची आणि म्हणायची, बाप, दिफुंतो. सूनबाई मान खाली घालायची. मी ईश्वरदासला विचारले, हे काय? तो रेशमाच्या घड्या घालत होता, त्याच्या हातातला तागा खाली पडला. म्हणाला, "इज्जत का शब्द है, दादा. बड़ों को बोलते हैं." मला बरे वाटले. परमुलखात कोणी मान दिला तर कोणाला बरे वाटत नाही? मग मीच तो लावू लागलो. टपाल कचेरीत, न्हाव्याकडे, मासळीवालीकडे, सगळीकडे मी सांगायचो, मी देवचंद, दिफुंतो. टपालबाबू टोपी काढायचा. मासळीवालीने तर कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटे लावली आणि मासळीचे पैसे घेतले नाहीत. मी मनात म्हणालो, लोक भारी संस्कारी आहेत.

दिवाळी होऊन गेली. (दिवाळीला मी पेढीच्या मागच्या खोलीत एकट्याने चार दिवे लावले आणि ईश्वरदासने शेव आणली. हे बाईला सांगू नकोस, तिला त्यातला फक्त 'एकट्याने' हा शब्द ऐकू येईल.) त्यानंतर मास्तरांनी वर्गात सांगितले की उद्या सुट्टी, उद्या दिफुंतोंचा दिवस. मला वाटले, आपल्याकडे जसा पोळा बैलांचा, तसा हा थोर माणसांचा सण. मी कोट झाडला, फेटा नीट बांधला, मिशांना तेल लावले आणि सकाळी सूनबाईच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या सगळ्या काळ्या कपड्यांत, हातात फुले. मला पाहून विहीणबाईला भडभडून आले. आम्ही निघालो. सगळे गाव निघाले होते. आणि आम्ही गेलो ते मसणात.

भोजराज तिथे आहे हे मला ठाऊक होते, मी अनेकदा एकटा जाऊन बसलो होतो. (केशोराव, लग्नासाठी त्याच्या डोक्यावर पाद्र्याने थोडे पाणी ओतले होते. त्या पाण्याचे मी कोणाला विचारत बसलो नाही. बोटभर पाणी ते. ज्या पाण्याने त्याला नेले ते पुष्कळ होते.) सूनबाईने दगड पुसला, फुले ठेवली, एक मेणबत्ती लावली. मग शेजारी दुसरी लावली. मी निएवेसला विचारले, ही दुसरी कोणाची? आता पोरीचे बोलणे मी आपल्या बोलीत लिहितो. ती म्हणाली, "हे माह्या आज्याची. तो तिकडं इंडियात मेला. त्याचा मोठा तलाव होता. बाबानं सांगतलं."

मी मास्तरांना शोधले. ते त्यांच्या बायकोच्या दगडापाशी उभे होते. मी विचारले, दिफुंतो म्हणजे काय? त्यांनी माझ्याकडे, मग त्या मेणबत्तीकडे पाहिले, टोपी काढली आणि फळ्यापुढे सांगत तसे साध्या शब्दांत सांगितले. मेलेला. जो मेला आहे त्याच्या नावामागे लावतात तो. म्हणजे कैलासवासी. बाई, मी सहा महिने गावभर हिंडून लोकांना सांगत होतो, की मी कैलासवासी देवचंद. वारा सुटला होता. माझ्या नावाची मेणबत्ती विझली. कोणी पाहिले नव्हते, म्हणून मीच खिशातून आगपेटी काढली आणि ती पुन्हा लावली. असे करणारा आपल्या कुळात मी पहिला असेन.

ईश्वरदासला मी दुपारी धरला. तो रडायलाच लागला. म्हणाला, लग्नाच्या वेळी पाद्र्याने विचारले की बापाची संमती कुठे आहे, तर भोजराजने सांगितले, बाप वारला. मग तुम्ही जिवंत येऊन उभे राहिले, मी काय करू? म्हणून मी घरच्यांना सांगितले, हे त्याचे चुलते आहेत. म्हणजे बाई, त्या घरात मी माझाच भाऊ म्हणून इतके दिवस कॉफी पीत होतो, आणि मी 'बाप, मी' म्हणून छाती बडवली की त्यांना वाटायचे, भावाच्या आणि पुतण्याच्या दुःखाने म्हाताऱ्याचे डोके फिरले.

मी रागावलो नाही. रागावण्यासाठी समोर कोणीतरी लागते. मला एकच गोष्ट समजत नव्हती, की माझ्या पोराला मला विचारण्यापेक्षा मला मारणे सोपे का वाटले. मी पहाटे उठून धडा पाठ केला, मास्तरांकडून दोनदा तपासून घेतला आणि रविवारी सूनबाईच्या घरी जाऊन उभ्याने म्हटला. मी भोजराजचा बाप आहे. मी मेलेलो नाही. एवढाच धडा. मास्तर म्हणाले होते, व्याकरणाची एकही चूक नाही.

विहीणबाईच्या हातातली परात खाली पडली. सूनबाई जागची हलली नाही. तिचे बोलणेही मी आपल्याच बोलीत लिहून राहिलो, म्हणजे तुला ती परकी वाटायची नाही. ती म्हणाली, "मले ठाऊक होतं. तुमी आले त्याच महिन्यात कळलं. तुमी पाय धुतल्याबिगर घरात येत नाही. तो बी येत नव्हता. अख्ख्या गल्लीत तसं कोनी करत नाही."

मी विचारले, "मंग बोलली काऊन नाही?"

"कोन्या भाषेत बोलू? तुमाले शब्द येऊ द्याचे होते. ईश्वरदाससमोर मले हे बोलाचं नव्हतं."

मग तिने मला सांगितले, आणि या वेळी मधे कोणी नव्हते. म्हणाली, लग्न ठरले तेव्हा मीच त्याला म्हणाले, बापाला विचार. तो म्हणाला, "बापाले इचारलं तं तो रागावनार नाही. तो काहीच बोलनार नाही. तलावाच्या पाळीवर जाऊन बसन आन जेवाले घरी येनार नाही. ते मले पाहावत नाही." म्हणून त्याने बापाला, म्हणजे मला, मारले. पुढच्या वर्षी खरे लिहीन म्हणायचा, पोरगी झाली तेव्हा म्हणाला आता लिहितोच, कागद घेऊन बसायचा आणि उठायचा. पोरीला रोज तलावाच्या गोष्टी सांगायचा. मेलेल्या आज्याच्या.

बाई, मी खरेच तसा बसतो का? मी समजत होतो, मी पाणी पाहायला जातो. भोजराजची आई गेली तेव्हा तू दोनदा ताट घेऊन पाळीवर आली होतीस, ते मला तिथे, समुद्राकडे तोंड करून बसलेलो असताना आठवले. आपल्या वाडवडिलांनी तलाव बांधले ते गावाला पाणी मिळावे म्हणून. त्याच्या पाळीवर बसून कोणी आपल्या पोराला इतके भेववील असे त्यांना वाटले नसेल.

त्यानंतर मी ज्यासाठी गेलो होतो ते विचारले. पोरगी द्या. सूनबाई म्हणाली, "तिलेच इचारा." मी निएवेसला पुढ्यात घेतले. इतके दिवस ज्या वाक्यासाठी खोक्यावर बसलो ते आता तोंडात होते, पण पुढे आले की बोलायला माल नाही. मला बोट येत होते, केळी येत होती, डोंगर, जिना, मेणबत्ती येत होती. बोडीचे पाणी येत नव्हते, धानाच्या बांध्या येत नव्हत्या, मोह येत नव्हता. मास्तरांच्या पुस्तकात आपल्याकडचे काहीच नाही. मी सांगितले, माझ्या गावी लहान समुद्र आहे, त्यात मीठ नाही. ती म्हणाली, "मीठ नाही तं तो चांगला आहे?" मी म्हणालो, चांगला आहे. "तिथं माहा बाबा आहे?" मी म्हणालो, नाही. "मंग कोन आहे?" मी म्हणालो, तुझी एक आजी आहे, तिने तुझ्यासाठी बांगड्या घेऊन ठेवल्या आहेत. तिने विचार केला. मोठ्या माणसासारखा विचार केला. मग म्हणाली, "मी गेली तं मामाजवळ कोन झोपन?" (केशोराव, मामा म्हणजे आई, वर लिहिले आहे.) आणि लगेच तिनेच माझी अडचण सोडवली. म्हणाली, "तूच इथं राय. तुही परीक्षा तं राहिलीच आहे."

विहीणबाई हसली. सूनबाई हसली, आणि मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिले. मी पण हसलो. मग मी मोरीवर जाऊन तोंड धुतले आणि बराच वेळ धूत राहिलो.

तेव्हा बाई, सांगायचे ते इतकेच की मी रिकाम्या हाताने आलो. पोरगी आईची आहे आणि आईपाशीच बरी आहे. त्या बांगड्या शेजारच्या कोणा पोरीला देऊन टाक, कोनाड्यात दिसत राहतील असे ठेवू नकोस. गावात कोणी विचारले तर सांग, बोटीचा प्रवास लहान लेकराला सोसत नाही. हे खरेही आहे, मलाही सोसला नाही. केशोरावला, त्याच्या मंडळींना आशीर्वाद. गुडघ्याला जप. पायांची सूज उतरली की पुढचे पाहू.

तुझा धाकटा,
देवचंद

ता. क. : इथे थंडी बेताची आहे. भैय्यालालला मी काल हिंदीत सगळे समजावून सांगितले. तो आता मला चहा आणून देतो, पण खोलीत न येता उंबऱ्यावर ठेवतो.

दुसरा ता. क. : केशोराव, गाडी चुकली असे वर लिहिले आहे ते खोटे. छोटी गाडी वेळेवर येते. मी फलाटावर उभा असतो आणि ती जाताना पाहतो. पायही सुजलेले नाहीत. मी इथल्या वकिलाकडून कागद करून घेतला आहे. बांध्या, ऊसवाडी, बोडी आणि तलावातला आपला वाटा तुझ्या नावाने केला. शाळा सुटल्यावर शेतात जात जा. पाळीच्या भगदाडात नुसती माती टाकू नकोस, ती वाहून जाते. आधी दगड बसव, मग मुरूम, मग माती, आणि बैल फिरव. मला हे लिहिता लिहिता इस्पानीत सुचत होते आणि एकाही गोष्टीचा शब्द येत नव्हता.

तिसरा ता. क. : बाई, मी परत बेटावर चाललो. मुंबईहून बोट आहे. सूनबाईने मला ये म्हटले नाही, पण माझी पाटी तिने घरात उंचावर ठेवून घेतली. तिथे मी काय करणार म्हणशील, तर ईश्वरदासच्या दुकानात घड्या घालीन आणि सकाळी शाळेत जाईन. तिथेच मेलो तर पुरतील. ते तुला आवडणार नाही. मलाही आवडत नाही. पण पोरगा तिथे एकटा आहे, आणि त्याची मुलगी अजून ज्याला मेलेला आजा म्हणते तो जिवंत आहे, हे तिला एका वाक्यात सांगून भागत नाही, रोज जाऊन दाखवावे लागते. मी गावात येऊन हे तुझ्या तोंडावर सांगणार होतो. पण शीव ओलांडली तर माझ्याने पुन्हा निघवणार नाही, म्हणून इथे बसलो आहे. तू जन्मात आगगाडीत बसली नाहीस, ठाऊक आहे. केशोराव बसवून देईल, खिडकीशी बस, बाहेर डोके काढू नको. मी इथे गोंदियाच्या फलाटावर उभा असेन. एक दिवस ये, माझ्या हातचे जेव, पोरीचे बोलणे मी तुला तिच्याच आवाजात करून दाखवीन. फक्त बाई, आलीस की 'थांब' म्हणू नकोस. तुझा शब्द मी लहानपणापासून एकदाही मोडलेला नाही, आणि या वयात मोडायला शिकेन असे मला वाटत नाही.